गिटारवरचा ‘सा’ हलता आहे, हे पहिल्याच वर्षी शिकवावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली की गिटारच्या शिकवण्यांना गर्दी होते आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गिटारी कपाटावर चढतात, हा अनुभव अनेक घरांत आहे. मी गेली बरीच वर्षे राहत्या घरी मुलांना आणि काही प्रौढांनाही गिटार शिकवतो. दुसरीकडे दोन-दोन वर्षे शिकून आलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना दहा-बारा ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून वाजवायचे स्वरसमूह) उत्तम वाजवता येतात; परंतु तोच हात फ्रेटबोर्डवर (नेकवरची, धातूच्या आडव्या फ्रेटांनी घरे पाडलेली फळी) तीन घरे पुढे सरकवला तर कोणती कॉर्ड वाजेल, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. हा दोष मुलांचा नाही. कॉर्डचा आकार सरकवता येतो आणि सरकवला की त्याचे नाव बदलते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. गिटार शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट ‘पुढच्या अभ्यासक्रमात’ न ढकलता पहिल्याच वर्षी शिकवावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः ज्या वर्गात शिकलो, तेथे भिंतीवर एक मोठा तक्ता होता. त्यावर प्रत्येक कॉर्डचे स्वतंत्र चित्र होते आणि दर आठवड्याला त्यातली दोन चित्रे पाठ करायची, असा शिरस्ता होता. एफ मेजर आणि जी मेजर या एकाच आकाराच्या दोन जागा आहेत, हे त्या तक्त्यावरून कधीच कळले नाही, कारण ती दोन चित्रे दोन वेगळ्या ओळींत छापलेली होती. या अज्ञानाची किंमत मला एका कोजागिरीच्या कार्यक्रमात मोजावी लागली. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ भावगीत गाणार होते. पांढरी एक या पट्टीत तालीम झाली होती, म्हणजे सी, ए मायनर, एफ आणि जी या चार कॉर्डवर माझे काम भागत होते. ऐन वेळी त्यांचा घसा बसला आणि ते म्हणाले, “अर्धा सूर खाली घेऊ या.” पेटीवाल्याकडे स्केलचेंजर पेटी होती, त्याने पट्ट्यांची चौकट उचलून एक घर सरकवली आणि तीच बोटे, त्याच पट्ट्यांवर, पांढरी सातमध्ये वाजवायला सुरुवात केली. मला आता बी, जी शार्प मायनर, ई आणि एफ शार्प या कॉर्ड हव्या होत्या आणि त्यांतली फक्त ई मला येत होती. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) खिशात होता, पण कॅपोने सूर वर जातो, खाली येत नाही, एवढेच मला ठाऊक होते. अख्खे गाणे मी जवळजवळ न वाजवता बसून काढले.

पुढे एका जाणकाराने सांगितले की कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून जी, ई मायनर, सी आणि डी हे आकार धरले असते, तर नेमक्या हव्या त्या चार कॉर्ड मिळाल्या असत्या. ते अगदी खरे आहे. मात्र तो हिशेब करायलासुद्धा आकार आणि सूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी कळावे लागते. कॅपो म्हणजे सहाही तारांवर आडवी ठेवलेली, न दुखणारी तर्जनीच होय. जो कॅपो वापरतो, तो सरकते आकारच वाजवत असतो. फक्त ते त्याला माहीत नसते.

खरे तर ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या संगीतात ‘सा’ कुठेही धरता येतो. गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी पाचमध्ये गाते, पण रागाचा सांगाडा तोच राहतो आणि सूरांची परस्परांतली अंतरे बदलत नाहीत. साध्या पेटीवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी बदलते आणि बोटांना नवी वाट शिकावी लागते. गिटारवर काळे-पांढरे काही नाही. प्रत्येक फ्रेट अर्ध्या सुराची पायरी आहे आणि अशा बारा पायऱ्यांनी सप्तक पूर्ण होते. म्हणून हात जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवला की पट्टी बदलते. पेटीवाल्याला ज्यासाठी स्केलचेंजरची यंत्रणा विकत घ्यावी लागते, ती गिटारच्या नेकमध्ये मुळातच बसवलेली आहे, आणि नेमकी तीच आपण मुलांपासून वर्षानुवर्षे झाकून ठेवतो.

उदाहरण ई मेजरचे घेऊ. गिटारची सहावी तार सर्वांत जाड आणि पहिली सर्वांत बारीक. या कॉर्डमध्ये पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबलेली असते आणि सहावी, दुसरी व पहिली तार मोकळी असते. ही सगळी रचना एक फ्रेट पुढे नेली आणि मोकळ्या तारांच्या जागी पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकली (यालाच ‘बार’ म्हणतात) की एफ मेजर होते. तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर नेली की जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी आणि बाराव्यावर पुन्हा वरच्या सप्तकातला ई. तर्जनीखाली सहाव्या तारेवर जो सूर असेल, तेच कॉर्डचे नाव. आता तिसऱ्या तारेवरचे मधले बोट उचला, मेजरची मायनर होते. ते बोट पुन्हा ठेवून चौथ्या तारेवरची करंगळी उचला, सेव्हन्थ होते. एका आकारातून तीन जाती आणि बारा जागा, म्हणजे छत्तीस कॉर्ड मिळाल्या. पाचव्या तारेवर मूळ सूर असलेला ए मेजरचा आकार असाच सरकवला की त्याच छत्तीस कॉर्ड दुसऱ्या ठिकाणी मिळतात. भिंतीवरच्या तक्त्यात ही सारी बहात्तर चित्रे होतात. डोक्यात मात्र दोनच आकार आणि दोन तारांवरच्या सुरांची नावे ठेवायची असतात. ती नावे पाठ करणेही अवघड नाही: ई आणि एफ शेजारी-शेजारी, बी आणि सी शेजारी-शेजारी, बाकी सगळ्या सुरांमध्ये एका फ्रेटची मोकळी जागा.

येथे शिक्षकांनी एक पाऊल पुढे टाकावे असे मला मनापासून वाटते. कॉर्डची इंग्रजी नावे सांगण्याबरोबरच तिचे सरगमातले स्थानही सांगावे. ई-आकाराने सहाव्या तारेवर कोणत्याही फ्रेटवर ‘सा’ची कॉर्ड धरली की ‘म’ची कॉर्ड त्याच फ्रेटवर, पाचव्या तारेपासून सुरू होणाऱ्या ए-आकारात असते आणि ‘प’ची कॉर्ड तोच ए-आकार दोन फ्रेट पुढे नेला की मिळते. ‘ध’ची मायनर कॉर्ड ‘सा’च्या तीन फ्रेट मागे, ई मायनरच्या आकारात सापडते. हा नकाशा एकदा हातात बसला की कोजागिरीच्या त्या रात्री माझी जी अवस्था झाली, ती कोणाची होणार नाही: ‘सा’ आठव्या फ्रेटवरून सातव्यावर आणायचा आणि ‘म’, ‘प’, ‘ध’ आपोआप त्याच्या मागोमाग एकेक घर खाली येतात. गाणे कोणत्या पट्टीत आहे हा प्रश्न मग फक्त ‘सा कोणत्या फ्रेटवर?’ एवढाच उरतो, आणि तो प्रश्न विचारायची सवय आपल्याकडच्या कोणत्याही गायकाला लहानपणापासून असते.

विद्यार्थी थोडा रुळला की त्याला यामागची रचना उलगडून दाखवावी, कारण ती फार सुंदर आहे. गिटार सुरात लावताना प्रत्येक नवशिका जाड तार पाचव्या फ्रेटवर दाबून पुढची तार तिच्याशी जुळवतो. फक्त तिसऱ्या तारेवर तो चौथ्या फ्रेटवर दाबतो. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक तार मागच्या तारेच्या शुद्ध मध्यमात लावलेली असते आणि दुसरी तार तेवढी तिसरीच्या शुद्ध गंधारात. हा एक अपवाद ध्यानात ठेवून ई मेजरचा आकार एक तार अलीकडे सरकवून पाहा. सहाव्या तारेवरचे पाचवीवर, पाचवीवरचे चौथीवर, असे करत जा आणि जो सूर तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर येईल त्याला एक फ्रेट वाढवून द्या. हाती येतो तो ए मेजरचा आकार. हीच क्रिया ए मेजरवर केली की डी मेजर मिळतो. म्हणजे ज्या तीन कॉर्ड मुले पहिल्या महिन्यात तीन वेगळी चित्रे म्हणून घोकतात, त्या मुळात एकच आकार आहेत. जी मेजर असाच एक तार सरकवला की सी मेजर होतो. पाच आकारांची अशी दोनच घराणी आहेत. हे पहिल्यांदा स्वतः करून पाहिले तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी विसरलेलो नाही, आणि दहा वर्षांच्या मुलांच्या चेहऱ्यावरही मी तो पाहिला आहे.

हे पाच आकार नेकवर एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. सी मेजर ही एकच कॉर्ड घेतली तर ती प्रथम ओपन सी-आकारात मिळते, मग तिसऱ्या फ्रेटवर ए-आकारात, पाचव्यावर जी-आकारात, आठव्यावर ई-आकारात, दहाव्यावर डी-आकारात, आणि बाराव्या फ्रेटवर पुन्हा सी-आकारात. या अक्षरांचा क्रम जोडून इंग्रजीत ‘केज्ड’ असा शब्द होतो आणि जगभरचे शिक्षक ही पद्धत त्याच नावाने ओळखतात. पाचही आकार पूर्ण बार टाकून धरण्याचा हट्ट मात्र नसावा. जी-आकार तसा धरणे मोठ्या माणसालाही जड जाते. त्याऐवजी वरच्या तीन तारांवरचे छोटे तुकडे शिकवावेत. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर अनुक्रमे पाच-पाच-तीन, नऊ-आठ-आठ आणि बारा-तेरा-बारा या फ्रेटवर बोटे ठेवली की तिन्ही वेळा सी मेजरच वाजते, पण प्रत्येक वेळी सर्वांत वरचा सूर वेगळा असतो: आधी ‘प’, मग ‘सा’, मग ‘ग’. गाण्याच्या चालीतला सूर जिथे असेल, त्याच्याजवळचा तुकडा निवडता येतो. भावगीताच्या साथीला सहा तारांच्या गजरापेक्षा हे तीन सूर कितीतरी अधिक शोभतात, असे माझे मत आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण काही शिक्षकमित्रांशी या विषयावर माझे बोलणे झाले आहे आणि त्यांचे म्हणणे हलके मानण्यासारखे नाही.

पहिला आक्षेप असा की एफ कॉर्ड आली की मुले गिटार सोडतात. हे खरे आहे. पण याचे कारण बार कॉर्ड नसून ती पहिल्या फ्रेटवर शिकवली जाते, हे आहे. तारा जिथे नटवरून (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवरून) उतरतात, तिथे त्या सर्वांत ताठ लागतात आणि नट उंच कापलेला असेल तर पहिल्या फ्रेटवर दाबणे म्हणजे शिक्षाच असते. शिवाय तिथे फ्रेटही रुंद असतात. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असलेल्या क्लासिकल गिटारवर पहिले घर सुमारे ३६ मिलिमीटरचे, पाचवे सुमारे २९ मिलिमीटरचे आणि बारावे सुमारे १९ मिलिमीटरचे असते. मुलाचा हात लहान असेल तर त्याने हा आकार पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर आधी धरावा, तिथे तो स्वच्छ वाजला की एकेक फ्रेट मागे यावे आणि एफपर्यंत पोहोचायला दोन महिने लागले तर लागू द्यावेत. आणखी एक गोष्ट फार थोडे शिक्षक सांगतात. ई-आकारात पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटे दाबतच असतात. म्हणून तर्जनीने सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्या तीनच तारा दाबायच्या असतात. सहाही तारांवर सारखा जोर देण्याची गरज नाही. तर्जनी किंचित कडेवर कलती ठेवावी, फ्रेटच्या धातूला लागून ठेवावी, आणि अंगठ्याने चिमटा काढण्याऐवजी कोपर मागे घेऊन हाताच्या वजनाने नेक जवळ ओढावी. मनगट दुखू लागले की थांबावे. दुखणे सोसून वाजवल्याने बार लवकर जमते, हा समज घातक आहे.

ज्यांचा हात खरोखरच पुरत नाही, त्यांनी चारच तारा वाजवाव्यात, किंवा सहावी तार अंगठ्याने नेकवरून पलीकडे वळवून दाबावी. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स ती तशीच दाबत असे. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली आगीत भाजल्याने जवळजवळ निकामी झाली होती. तरीही तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर भर देऊन, आवश्यक तेवढेच सूर ठेवलेले छोटे आकार नेकभर फिरवत त्याने जे वादन केले, त्याला जॅझच्या इतिहासात जोड नाही.

दुसरा आक्षेप असा की ओपन कॉर्डमध्ये मोकळ्या तारांची जी आस असते, ती बार कॉर्डमध्ये नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. मोकळ्या तारांची ती गुंज मलाही अतिशय प्रिय आहे आणि ओपन कॉर्ड शिकवू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. पण बंद आकाराचाही स्वतःचा गुण आहे: सगळ्या तारा बोटांखाली असल्याने पकड किंचित सैल केली की आवाज तत्काळ थांबतो, आणि ठेका तबल्यासारखा नेमका काढता येतो. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ साली मृत्यू येईपर्यंत गिटार वाजवणाऱ्या फ्रेडी ग्रीनने अशाच दोन-तीन सुरांच्या बंद आकारांवर, दर मात्रेला एक आघात देत, संपूर्ण वाद्यवृंदाचा ठेका सांभाळला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. आकार सरकवणे ही झटपट शिकणाऱ्यांची पळवाट आहे, खऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक कॉर्डचे सूर ओळखून ती स्वतंत्रपणे शिकावी, असे काही जण म्हणतात. सूर ओळखावेत हे बरोबरच आहे. परंतु सरकते आकार ही आजकालची युक्ती नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत गिटारच्या कॉर्डना अक्षरे देऊन लिहिण्याची पद्धत रुजली. जिरोलामो माँतेसार्दो याने १६०६ साली फ्लोरेन्समध्ये ती छापून प्रसिद्ध केली. त्या परंपरेत अक्षरासोबत आकडा लिहिला की तोच आकार त्या आकड्याच्या फ्रेटवर धरायचा, असा संकेत पुढे रूढ झाला. गिटार पाच जोडतारांची होती तेव्हापासून वादक आकार सरकवत आले आहेत.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलाला बार कॉर्ड जमत नसेल तर त्याच्या बोटांना दोष देण्याआधी गिटार एखाद्या जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर उत्तम वादकालाही त्या गिटारवर एफ वाजवणे कष्टाचे होते. नट आणि ब्रिज योग्य उंचीला घासून घेतले आणि जाड तारांऐवजी हलक्या तारा चढवल्या, की बऱ्याचदा आठवड्याभरात फरक दिसतो. वर्गाची फी भरण्याआधी हा खर्च करावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

माझ्या घरच्या शिकवणीत मी आता भिंतीवर एकच कागद लावला आहे. त्यावर कॉर्डचे एकही चित्र नाही. सहाव्या आणि पाचव्या तारेवरच्या बारा फ्रेटांची नावे आहेत आणि त्याखाली ई-आकार व ए-आकारातील ‘सा’, ‘म’, ‘प’ यांची परस्परांतली अंतरे. विद्यार्थी आला की मी एखादी पट्टी सांगतो, आज काळी दोन, उद्या पांढरी सहा, आणि तो आधी ‘सा’चे बोट ठेवून मगच साथ सुरू करतो. ज्या शिक्षकांना हा कागद उपयोगी वाटेल, त्यांनी तो स्वतःच्या हाताने काढून आपल्या वर्गात लावावा. पाव तास पुरतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक गिटारशिक्षक वाचक